इन्फिनिट फ्युजनमध्ये पहिली टीम कशी बांधायची: नवीन पोरांसाठी पायरी-पायरीने

पोकेमॉन इन्फिनिट फ्युजन नवीनच टाकलाय, स्टार्टर (सुरुवातीला मिळणारा पहिला पोकेमॉन) घेतला, गवतातून दोन-तीन पोकेमॉन पकडले, त्यातले दोन मिसळून भन्नाट दिसणारं काहीतरी तयार केलं आणि ब्रॉकच्या जिममध्ये (जिम म्हणजे एकेका मोठ्या लढवय्याचा अड्डा, ब्रॉक त्यातला पहिला) जाऊन सपाटून मार खाल्ला, असं ज्यांचं झालंय किंवा होणारे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पारा ४४-४५ ला गेला की दुपारी घराबाहेर पडायची सोयच नसते, पोरं कूलरसमोर फोन घेऊन बसतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "भो, कोणता पोकेमॉन घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. आधी विचारा की पुढे कोणाशी लढायचंय आणि त्याच्यासमोर काय काम करणारा हवाय. काम ठरलं की पोकेमॉन निवडायला दोन मिनिटं लागतात.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा कंपनीने काढलेला पोकेमॉन नाही, चाहत्यांनी बनवलेला फुकटचा गेम आहे. आरपीजी मेकर एक्सपी आणि पोकेमॉन इसेन्शियल्स ही गेम बनवायची साधनं वापरून केलाय. नकाशा आपला जुना कँटोचाच, म्हणजे पहिल्या पोकेमॉन गेममधल्या प्रदेशाचा, पॅलेट टाउनपासून सुरुवात, पण कुठलेही दोन पोकेमॉन एकत्र करून तिसराच बनवता येतो. जुन्या व्हर्जनमध्ये ४२० पोकेमॉन होते तेव्हाच १,७६,४०० जोड्या होत होत्या, आता तर त्याहून जास्त. त्यातल्या कितीतरी जोड्यांची चित्रं चाहत्यांनी हाताने काढलीयेत, आणि ती खरंच बघण्यासारखी आहेत.

पहिली पायरी, गेम नीट बसवणे. कॉम्प्युटर असेल तर झिप उघडून थेट चालतो. आपल्याकडे बहुतेकांकडे फक्त अँड्रॉइड फोन असतो, तर त्यावर जॉयप्ले नावाचं अ‍ॅप आणि त्याचं आरपीजी मेकरचं प्लगइन टाकावं लागतं, मग गेमचं फोल्डर दाखवून द्यायचं. गेम बनवणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या ठिकाणाहूनच घ्या. कोणी ५०-१०० रुपयात पेन ड्राइव्हवर "फुल व्हर्जन" देतो म्हणाला तर घेऊ नका, हा गेम विकायचा नसतोच, आणि फाईलसोबत अजून काय येईल ते सांगता येत नाही. फॅन गेमचं अजून एक आहे की ते कधीही बंद पडू शकतात. २०१६ साली पोकेमॉन युरेनियम नावाचा गेम आला, नऊ वर्षं खपून बनवलेला, १५ लाखांवर लोकांनी उतरवला आणि पोकेमॉनवाल्या निन्टेन्डो कंपनीच्या वकिलांच्या नोटिसांमुळे बनवणाऱ्यांनी काही दिवसांतच लिंक काढून टाकल्या. म्हणून गेमचं फोल्डर आणि सेव्ह फाईल दोन्हीची कॉपी वेगळीकडे ठेवा, नवीन अपडेट टाकायच्या आधी तर नक्कीच.

आणि सेव्ह करत राहा. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद, उन्हाळ्यात फोन तापला की अ‍ॅप बंद, आणि अर्ध्या दिवसाची मेहनत पाण्यात. प्रत्येक जिमच्या आधी, प्रत्येक फ्युजनच्या आधी सेव्ह, ही सवय लागलीच पाहिजे.

सुरुवातीला गेम मोड विचारतो. पहिल्यांदा खेळताय तर क्लासिक, नॉर्मल, बाकी काही नको. रँडमायझर लावलं तर कुठे काय भेटेल त्याचा नेम नसतो आणि मग टीम आखणं शिकताच येत नाही. ती मजा दुसऱ्या खेपेला घ्या.

दुसरी पायरी, स्टार्टर. इथे माझं मत पक्कं आहे, नवीन माणसाने बल्बासॉर घ्यावा. पहिल्या तीन जिम बघा ना. ब्रॉक म्हणजे दगड-माती, मिस्टी म्हणजे पाणी, सर्ज म्हणजे वीज. टाईप म्हणजे पोकेमॉनचा प्रकार, आणि बल्बासॉर ग्रास म्हणजे गवताचा. ग्रास टाईप पहिल्या दोघांवर दुप्पट मारतो आणि तिसऱ्याची वीज त्याला अर्धीच लागते. स्क्वर्टलही चालेल, ब्रॉक सोपा जाईल, पण सर्जसमोर त्याला लपवून ठेवावं लागेल. चारमँडर सगळ्यांना हवा असतो, पुढे चॅरिझार्ड होतो म्हणून, ते समजू शकतो, पण पहिल्या दोन्ही जिममध्ये समोरचा त्याच्यावर भारी असतो. तुमचा जीवच चारमँडरवर असेल तर घ्या बिनधास्त, आवडता पोकेमॉन सोबत नसेल तर खेळायचं कशाला, फक्त त्याच्या जोडीला मँकीसारखा फायटिंगवाला पहिल्या दिवसापासून तयार करायला घ्या.

तिसरी पायरी, टीममध्ये कोण-कोण पाहिजे. एकूण १८ टाईप आहेत आणि त्यांचा तक्ता पाठ करायची अजिबात गरज नाही, फोनमध्ये फोटो ठेवा आणि लढताना बघा, आठवड्याभरात आपोआप डोक्यात बसतो. सुरुवातीला सहाही जागा भरायची घाई करू नका, चार जण नीट वाढवलेले पुरेत. त्या चौघांत एक जण जोरात मारणारा, एक मार खाऊन उभा राहणारा, एक झोपवणारा किंवा पॅरालाईज करणारा, आणि चौथा पुढच्या जिमसाठी खास. हे चौघे एकाच टाईपचे नकोत. आपल्याकडे कपाशीत मुगाच्या ओळी टाकतात ते याचसाठी, एकाला मार बसला तरी दुसरं हातात राहतं. तीन फायर पोकेमॉन घेऊन मिस्टीकडे जाणारी पोरं मी पाहिलीयेत, तिथे लेव्हल कितीही असली तरी उपयोग होत नाही.

झोपवण्याच्या कामाला सुरुवातीला कॅटरपीसारखा दुसरा नाही. लोक त्याला किडा म्हणून सोडून देतात, पण तो लेव्हल ७ ला मेटापॉड आणि १० ला बटरफ्री होतो, इतक्या लवकर पूर्ण वाढणारे फार कमी आहेत. थोडं पुढे गेलं की स्लीप पावडर मिळते, आणि तिथून पुढे कुठलाही पोकेमॉन पकडायचा असेल तर अर्धं काम झालेलं असतं. ब्रॉकसमोर मात्र त्याला काढू नका, बग आणि फ्लाइंग दोन्हीवर दगड भारी, म्हणजे चौपट लागतं.

आता चौथी पायरी, फ्युजन. इथे जरा थांबून वाचा, कारण या गेमचं सगळं मर्म इथेच आहे आणि नव्वद टक्के चुका पण इथेच होतात.

डीएनए स्प्लायसर नावाची वस्तू सुरुवातीच्या टप्प्यातच हाती येते. ती वापरली की दोन पोकेमॉन एक होतात, एकाचं हेड आणि दुसऱ्याची बॉडी. कोणाचं हेड आणि कोणाची बॉडी यावर सगळं फिरतं. एचपी (म्हणजे जीव किती उरलाय तो आकडा), स्पेशल अटॅक आणि स्पेशल डिफेन्स या तीन गोष्टींत हेडचा वाटा दोन भाग, बॉडीचा एक. अटॅक, डिफेन्स आणि स्पीडमध्ये उलटं, बॉडीचे दोन भाग, हेडचा एक. टाईपचं म्हणाल तर हेडकडून सहसा त्याचा पहिला टाईप येतो, आणि बॉडीकडून तिचा दुसरा, दुसरा नसेल तर जो आहे तो. काही पोकेमॉनला अपवाद आहेत, जसं की जिओड्यूड आणि ओनिक्स फक्त रॉक देतात, गास्टली फक्त घोस्ट देतो. अपवाद लक्षात ठेवायची गरज नाही कारण पक्कं करायच्या आधी गेम तुम्हाला होणारा पोकेमॉन दाखवतो. तो स्क्रीन घाईघाईत ओके करू नका एवढंच.

माझा भाचा अमळनेरहून सुट्टीला आला होता, त्याच्याकडे ऑडिश आणि मँकी होते. मी म्हटलं हे दोघे जोड. त्याने मँकीचं हेड करून बघितलं आणि म्हणाला, "मामा, हाऊ देखाले काही भारी नही शे." म्हटलं दिसणं सोड, वही घे. आणि आम्ही वहीच्या मागच्या पानावर दोन्ही बाजू मांडल्या. ऑडिशचा मूळ अटॅक ५०, स्पीड ३०, स्पेशल अटॅक ७५. मँकीचा अटॅक ८०, स्पीड ७०, स्पेशल अटॅक ३५. आता हेड ऑडिश आणि बॉडी मँकी केली तर अटॅक होतो ८० अधिक ८० अधिक ५०, भागिले ३, म्हणजे ७०. स्पीड ५६, स्पेशल अटॅक ६१. तेच उलटं केलं, हेड मँकी आणि बॉडी ऑडिश, तर अटॅक ६०, स्पीड ४३, स्पेशल अटॅक ४८. डिफेन्स तेवढा ४१ वरून ४८ होतो, बाकी सगळं खाली. पोकेमॉन तेच दोन, स्प्लायसर तोच, पण एक कामाचा आणि एक ओढत न्यावा लागेल असा.

टाईपमध्ये तर अजून मोठा फरक पडतो. ऑडिश हेड असेल तर ग्रास-फायटिंग होतो. रॉकचा मार त्याला अर्धा, ग्राऊंडचाही अर्धा, आणि तो मात्र ग्रास आणि फायटिंग दोन्हीने ब्रॉकच्या दगडांवर तुटून पडतो. मँकी हेड असेल तर फायटिंग-पॉयझन होतो, कारण ऑडिश बॉडीतून आपला दुसरा टाईप देतो. आता ब्रॉकचे बरेचसे दगडवाले ग्राऊंडही असतात, आणि ग्राऊंड पॉयझनवर दुप्पट. म्हणजे ज्याला मारायला गेलात तोच तुम्हाला मारणार. भाच्याने पहिली जोडी ठेवली, आणि मग ब्रॉक त्याला अजिबात जड गेला नाही.

पण हीच ग्रास-फायटिंग जोडी कुठे फसते तेही बघून ठेवा. ग्रासवर फ्लाइंग भारी, फायटिंगवरही फ्लाइंग भारी, त्यामुळे साधा पिजी सुद्धा तिला चौपट मारतो. सायकिकचाही दुप्पट मार बसतो. फ्युजन करताना दोन्ही टाईपची कमजोरी एकच निघतेय का, हे बघायचंच, तक्त्याचा फोटो त्यासाठीच ठेवायला सांगितला. दोघांची एकच दुखरी नस असेल तर ती जोडी सोडा, किंवा घेतलीच तर टीममध्ये त्या टाईपला तोंड देणारा दुसरा कोणीतरी हवाच.

हेड-बॉडीचा साधा नियम सांगतो, सुरुवातीला एवढा पुरतो. ज्याचा स्पेशल अटॅक किंवा एचपी चांगला तो हेड. जो चपळ आणि हाताने मारणारा ती बॉडी. जिओड्यूड बॉडी म्हणून मजबूत वाटतो, डिफेन्स १०० आहे, पण स्पीड २० आहे आणि बॉडीचा स्पीड दोन भाग लागतो, त्यामुळे त्याच्यावर चपळ हेड बसवलं तरी ते हळूच होतं. अब्राचा स्पेशल अटॅक १०५, म्हणजे हेडसाठी सोनं. पण त्याचा डिफेन्स १५ आहे, बॉडी म्हणून घेतला तर एका फटक्यात झोपतो.

लोकांना अजून एक भीती असते की एकदा जोडलं की संपलं. तसं नाही, परत वेगळे करता येतात, त्यामुळे प्रयोग करायला हरकत नाही. आणि दोघांची वाढही आपापल्या लेव्हलला होत राहते, म्हणजे वरच्या जोडीत ऑडिश २१ ला ग्लूम होणार आणि मँकी २८ ला प्राइमएप. स्प्लायसरला पैसे लागतात हे मात्र खरं. म्हणून सुरुवातीचे पैसे पोशन (एचपी भरून काढणारं औषध) आणि पकडायचे बॉल यातच ठेवा, फ्युजन एक किंवा दोनच करा, आणि टीममध्ये एक-दोन जण न जोडलेले राहू द्या. सगळे जोडून टाकले तर टीममध्ये डोकी कमी होतात. सहा जागांत सहाच लढणार, आणि लवकरच्या काळात तुमच्याकडे पकडलेलेच सात-आठ असतात, त्यांचे तीन-चार करून ठेवले तर ऐनवेळी बदली द्यायला कोणी उरत नाही.

पाचवी पायरी, पकडणे. यात फार काही नाही. एचपी लाल होईपर्यंत खाली आणायचं, मग झोपवायचं किंवा पॅरालाईज करायचं, मग बॉल. झोपलेला असेल तर चान्स सगळ्यात जास्त वाढतो. विष देऊन पकडायला जाऊ नका, ते प्रत्येक पाळीला एचपी खातं आणि बॉल टाकायच्या आधीच समोरचा पडतो. अब्रा दिसला तर मात्र हे सगळं विसरा, तो पहिल्याच संधीला टेलिपोर्ट करून पळतो, समोर आल्या आल्या बॉल टाका. लागला तर लागला.

सहावी पायरी, वाढवणे. नवीन पोरांचं इथे एक ठरलेलं असतं, स्टार्टर २० लेव्हलचा आणि बाकीचे सगळे ७-८ चे. कारण प्रत्येक लढाईत स्टार्टरच पुढे. मग तो पडला की खेळ खलास. त्यापेक्षा कच्च्या पोकेमॉनला पहिल्या नंबरवर ठेवा, लढाई सुरू झाली की लगेच बदलून दणकट आणा, दोघेही लढाईत उतरलेले असल्यामुळे अनुभव दोघांत वाटला जातो. वेळ लागतो, पण मुका मार न खाता पोरगं मोठं होतं. पोशन संपत आले की पोकेमॉन बरे करणाऱ्या सेंटरला परत जा, सेंटर फुकट आहे, त्यात कमीपणा काही नाही. रस्त्यावरचे ट्रेनर टाळून पुढे पळू नका, लेव्हल पण तिथूनच वाढते आणि स्प्लायसर-बॉलचे पैसे पण तिथूनच येतात.

किती लेव्हल पुरे? कंपनीच्या मूळ फायररेड गेममध्ये ब्रॉकचा ओनिक्स १४ चा असतो, मिस्टीची स्टारमी २१ ची, सर्जचा रायचू २४ चा. फॅन गेममध्ये समोरचे जास्त डोक्याने खेळतात असं धरून चाला आणि टीममधला सगळ्यात कच्चा पोकेमॉनही या आकड्यांच्या आसपास असला पाहिजे असं बघा. सगळ्यात मोठ्याची लेव्हल किती हे बघून काही कळत नाही, सगळ्यात लहान्याची बघा. जोडायच्या आधीही दोघांना बरोबरीने वाढवा.

आता मूव्हज, म्हणजे लढताना वापरायचे डाव. पोकेमॉनच्या स्वतःच्या टाईपचा मूव्ह असेल तर तो दीडपट लागतो. समोरच्यावर दुप्पट असेल तर एकूण तिप्पट, चौपट असेल तर सहापट. म्हणून कधी कधी साधा २० ताकदीचा अ‍ॅबसॉर्ब पण जिओड्यूडला खाली पाडतो, त्याच्या रॉक-ग्राऊंडवर ग्रास चौपट आणि त्याचा स्पेशल डिफेन्स फक्त ३०. लो किकचं वेगळंच आहे, समोरचा जेवढा जड तेवढा तो जोरात लागतो, ओनिक्ससारख्या २१० किलोच्या अंगावर त्याची ताकद १२० होते, जी त्या टप्प्यावर कोणाकडेच नसते. मूव्हच्या चार जागांपैकी दोन आपल्या टाईपच्या मारासाठी, एक आपल्यावर भारी पडणाऱ्याला उत्तर म्हणून, आणि एक झोप किंवा पॅरालिसिससारखा. चारही मारायचेच मूव्ह भरणारे पुढे अडकतात. आणि मारायचा मूव्ह फिजिकल (अटॅकवर चालणारा) आहे की स्पेशल (स्पेशल अटॅकवर चालणारा) ते बघा, अटॅक ७० आणि स्पेशल अटॅक ३० असलेल्या फ्युजनला फ्लेमथ्रोवर शिकवून काय फायदा.

नेचर, आयव्ही, ईव्ही हे शब्द कुठेतरी वाचाल आणि घाबराल. नेचर म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव, ते २५ आहेत, त्यातले २० एक गोष्ट दहा टक्के वाढवतात आणि एक दहा टक्के कमी करतात, उरलेले ५ काहीच करत नाहीत. आयव्ही म्हणजे जन्मतःच मिळालेले गुण, ० ते ३१, ईव्ही म्हणजे लढून मिळणारे, एकूण ५१० आणि एका गोष्टीत जास्तीत जास्त २५२. हे शेवटच्या मोठ्या लढायांसाठी आहे. पहिल्या तीन जिमपर्यंत यासाठी तासन्‌तास गवतात फिरणं म्हणजे सुट्टी वाया घालवणं, त्यापेक्षा हेड-बॉडी नीट बघा, फरक कितीतरी जास्त पडतो.

ब्रॉक झाला की थांबून टीम परत बघा, कारण इथूनच पुढची घसरण सुरू होते. मिस्टीची स्टारमी वॉटर-सायकिक, म्हणजे ज्या ग्रास-फायटिंगने ब्रॉक उडवला तोच इथे सायकिक खाऊन पडू शकतो. त्याचा ग्रास तिच्यावर दुप्पट लागतो हे खरं, पण ती चपळ आहे, आधी ती मारणार. इथे साधा ग्रास किंवा इलेक्ट्रिक हवा. मूळ कँटोत विरिडियनच्या जंगलात पिकाचू भेटतो, क्वचित भेटतो, पण भेटतो, तिथे आधीच थोडा वेळ घालवलेला असेल तर आता कामाला येतो. बल्बासॉर घेतलेला असेल तर हा टप्पा बराच सोपा, फक्त तो ग्रास-पॉयझन असल्यामुळे सायकिकचा दुप्पट मार त्यालाही बसतो. बटरफ्रीने झोपवून मग बल्बासॉरने मारायचं, एवढं जमलं की मिस्टी गेली.

आणि सर्जसाठी ग्राऊंड, दुसरं काही शोधू नका. विजेचा ग्राऊंडवर काहीच परिणाम होत नाही, शून्य. वर्मिलियनजवळच्या गुहेत डिगलेट असतात, त्यातला एक धरून आणा. त्याला जोडायचं असेल तर बॉडी करा, स्पीड ९५ आहे त्याचा, आणि त्याचा एकच टाईप असल्यामुळे ग्राऊंडच पुढे जातो. फक्त हेड म्हणून वॉटर किंवा फ्लाइंगवाला लावू नका. वीज तरी लागणार नाही, कारण ग्राऊंडमुळे ती शून्यच राहते, पण वॉटर-ग्राऊंडला ग्रास चौपट आणि फ्लाइंग-ग्राऊंडला आईस चौपट, आणि फ्युजनवाल्या या गेममध्ये समोरच्याकडे काय निघेल ते आधी कळत नाही. जिमच्या दारात सेव्ह करा, एकदा आत जाऊन त्याची टीम बघून या, हरलात तरी चालेल, टाईप लिहून घ्या आणि मग बॉक्समधून कोणाला काढायचं ते ठरवा.